फडातले भूत आणि फडातली बाई

मराठी आणि हिंदी भयपटांचा इतिहास कुणी लिहावयास घेतला, तर तो बहुतांशी वाड्यांचा आणि हवेल्यांचा इतिहास होईल. १९४९ च्या 'महल'मध्ये ओसाड हवेली आहे. १९६२ च्या 'बीस साल बाद'मध्ये शापित ठाकूर घराणे आहे. रामसे बंधूंच्या १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये पुन्हा राजघराणे आणि त्याला जडलेला शाप. मराठीत २००४ साली 'पछाडलेला' आला, तो विनोदी होता, पण भूत तेथेही वाड्यातले आणि इनामदाराचेच. इनामे कायद्याने गेली, कुळांना जमिनी मिळाल्या असे आपण पुस्तकात वाचतो. पडद्यावरचा मेलेला इनामदार मात्र कूळकायद्याला बधला नाही. ज्याच्या नावे सातबारा, त्याच्याच घरी भूत, असा हा हिशेब आहे. भूमिहीनाला मेल्यावरही जागा नाही.

या पार्श्वभूमीवर १४ जुलै २०१७ रोजी प्रदर्शित झालेला विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' हा चित्रपट वेगळा उठून दिसला. त्याने भुताला वाड्यातून बाहेर काढले आणि उसात आणून सोडले. कथा थोडक्यात अशी : नवऱ्यावर कर्ज झालेले आहे, देणेकरी मागे लागले आहेत. तो आपल्या गरोदर बायकोला घेऊन ओळखीच्या ड्रायव्हरच्या गावी येतो. घर उसाच्या मधोमध. चहूबाजूंनी पुरुषाहून उंच ऊस, त्यातून वाट काढावी तर माणूस फिरून तिथल्या तिथेच येतो. घरात एक प्रौढ बाई आहे, तुळसाबाई. ती प्रेमाने खाऊ घालते आणि प्रेमाच्याच आवाजात धाक दाखवते. उसातून लहान लेकरे डोकावतात, खेळायला बोलावतात. शेवटी उलगडते ते असे, की हे सगळे ठरवून झालेले आहे, नवराही त्यात आहे, आणि त्या बाईच्या पोटात मुलगी आहे एवढाच तिचा अपराध आहे. पूजा सावंत यांनी ती गरोदर बाई केली आणि उषा नाईक यांनी तुळसाबाई.

याच दिग्दर्शकाने हाच चित्रपट पुन्हा हिंदीत केला. 'छोरी' या नावाने तो २६ नोव्हेंबर २०२१ रोजी घरबसल्या पाहण्याच्या पडद्यावर आला. नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ यांच्या त्यात भूमिका आहेत. त्याचा दुसरा भाग ११ एप्रिल २०२५ ला आला. संविधान दिन आणि जोतीरावांची जयंती या तारखा निर्मात्यांनी काही विचार करून निवडल्या असतील असे मला वाटत नाही. परंतु आपल्यासारख्या वाचकाच्या त्या नजरेतून सुटत नाहीत.

'छोरी' पाहिल्यावर मी 'लपाछपी' पुन्हा पाहिला. एरवी मूळ चित्रपट आणि त्याची नक्कल यांची तुलना करण्यात काही हशील नसते, ती चित्रपटाच्या शौकिनांची करमणूक आहे. येथे मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसली. दोन्हींत प्रसंग जवळपास तेच, उसाचा चकवा तोच, भीतीच्या जागाही त्याच. बदलली ती जमीन. बदलली ती बोली. तुळसाबाईच्या तोंडी जी गावरान मराठी आहे, ती आपल्या कानाला घरची वाटते. अशी बाई आपण पाहिलेली असते, तिच्या हातचे जेवलेलो असतो. म्हणून ती जेव्हा सहज, भाकर थापता थापता, वंशाच्या दिव्याची गोष्ट काढते तेव्हा अंगावर काटा येतो. हिंदीत ही बाई उत्तरेची झाली. 'छोरी' हा शब्दच सांगतो की हे पाप कुठल्या मुलखात नेऊन ठेवले आहे. मराठी प्रेक्षक तो चित्रपट पाहतो आणि म्हणतो, तिकडे असेच चालते.

खरेच तिकडे चालते काय? २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे हरियाणात ८३४ मुली होत्या. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७ होत्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, याच बीडमध्ये त्या ८९४ होत्या. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असा घसरत आलेला आहे. गर्भलिंगचाचणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, याचा आपण अभिमान बाळगतो. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणजे कायदा आमचा पहिला आणि घसरणही आमचीच. २०१२ मध्ये परळीत एका दवाखान्यात गर्भपात करताना एक बाई दगावली, तेव्हा कुठे त्या दवाखान्याचा बोभाटा झाला, आणि २०१९ मध्ये तेथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. परळी लातूरपासून दोन तासांच्या वाटेवर आहे. हरियाणा फार लांब आहे.

मुलगी मारणे ही उत्तरेकडची रीत, ही समजूतही आजची नाही. इंग्रजांनी १७८९ मध्ये बनारसजवळच्या राजपुतांत बालिकाहत्येची नोंद केली, पुढे काठेवाडच्या जाडेजांचे प्रकरण गाजले, आणि १८७० चा कायदा झाला तो प्रथम वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब येथे लागू झाला. सरकारच्या दप्तरात हा गुन्हा काही जातींच्या आणि काही प्रांतांच्या नावावर चढला. महाराष्ट्राचे नाव त्यात नव्हते. परंतु त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले होते. ते कशासाठी? ब्राह्मण विधवांना बाळंत होण्यास सुरक्षित जागा नव्हती, आणि जन्मलेले मूल विहिरीत किंवा नदीत जात होते, म्हणून. तेथे मरणारे मूल मुलगाही असे, मुलगीही असे. तिथे प्रश्न विधवेच्या अब्रूचा होता, इथे हुंड्याचा आणि वारसाचा आहे. दोन्हीकडे बाईच्या पोटावर ताबा घराण्याचा. जोतीरावांनी हा प्रश्न दुसऱ्या प्रांतावर ढकलला नाही. आपल्याच गल्लीत दार उघडून ठेवले. 'लपाछपी'चे मोल मला या ओळीत बसवावेसे वाटते. तो फार मोठा चित्रपट नाही, काही ठिकाणी फार लांबतो, कर्कश आवाजाने दचकवण्याची सवय त्यालाही आहे. पण त्याने आरोप आपल्या भाषेत केला. हिंदीत जाताना आरोप तसाच राहिला, आरोपी बदलला.

नवी आवृत्ती निघते तेव्हा नेमके काय पुसले जाते, हे पाहण्यासाठी एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांनी 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा अगदी थोड्या पैशांत भयपट केला. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात, आणि काही माणसे एका शेतातल्या घरात अडकतात, अशी ती कथा. त्यांच्यात सर्वांत शहाणा, धीराचा माणूस बेन हा काळा आहे. ती भूमिका ड्वेन जोन्स या नटाने केली. तो पुढे कॉलेजात शिकवीत असे. बेन रात्रभर झुंजतो आणि जिवंत राहतो. सकाळी गोऱ्यांची बंदूकधारी टोळी येते, खिडकीत हालचाल दिसते म्हणून त्याच्या कपाळात गोळी घालते, आणि आकड्याने ओढून त्याचे प्रेत सरणावर टाकते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. त्या शेवटच्या चित्रांत अमेरिकेतल्या काळ्या माणसाला झुंडीने मारलेल्या आपल्या लोकांची छायाचित्रे दिसली, यात नवल नाही.

१९९० मध्ये या चित्रपटाची रंगीत आवृत्ती निघाली. टॉम सविनी यांनी ती केली, पटकथा रोमेरो यांचीच होती. यात पूर्वीची भेदरलेली, मुकी झालेली बार्बरा आता बंदूक चालवते, स्वतःच्या पायांवर बाहेर पडते. ही सुधारणाच म्हटली पाहिजे. परंतु बेनचे काय झाले? तो जखमी होतो, तळघरात मरतो, आणि सकाळी टोळी दार उघडते तेव्हा तो खरोखरच भूत झालेला असतो. आता त्याला गोळी घालणे योग्य ठरते. मूळ चित्रपटात गुन्हा होता, नव्यात नाइलाज आहे. बाईला काही मिळाले आणि त्याच व्यवहारात टोळी निर्दोष सुटली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपले नाव घेतले, तेव्हा त्यांना अमेरिकेतली ही सकाळ ठाऊक होती. हा चित्रपट त्यांनी पाहिला असो वा नसो.

बेनची भीती ही रात्रीची नाही, सकाळची आहे, आणि हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. गावाच्या रचनेत भूत कुठे राहते ते आठवून पाहावे. ते शिवेवर राहते, ओढ्याच्या काठी, मसणवट्याजवळ, चिंचेखाली. आणि महारवाडा कुठे होता? तेथेच, किंवा त्याच्या अलीकडे हाकेच्या अंतरावर. गाव ज्या वाटेला दिवस मावळल्यावर जात नसे, त्या वाटेने येसकर रात्री गस्त घालीत फिरे. कुणाच्या मरणाची खबर घेऊन परगावी जायचे ते त्यानेच, तेही अंधारात आणि एकट्याने. सरणाची लाकडे वाहायची त्यानेच. ज्याच्या हातून ही सारी कामे करून घेतली, त्याला भुताची भीती परवडणारी नव्हती. गावाला भूत दिसे, आमच्या आज्या-पणज्यांना त्याच जागी शेजार दिसे. म्हणून आपल्याकडे भुतांच्या गोष्टी नव्हत्या असे नाही. भरपूर होत्या, आणि धर्मांतरानंतरही घराच्या कोपऱ्यात लिंबू ठेवणारी माणसे आपल्यातही आहेत. पण त्या गोष्टींत एक प्रकारची सलगी असे. माझा आजा सांगे, 'भूत येतंय, बसतंय, तंबाकू मागतंय, जातंय. माणूस आला म्हंजी मग बघ.'

माणूस आला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या दिवसांत मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे चालून आले, ती भुते नव्हती. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना ज्यांनी मारले ते गावचेच होते, ओळखीचे होते. ज्या वाटेने येसकर गावाची राखण करीत फिरला, त्याच वाटेने गाव आले. आमच्या वाङ्मयात भयकथा फारशी का नाही, असे एकदा एका चर्चेत एका सहकाऱ्याने मला विचारले होते. मी त्यांना टेंभुर्णीचे नाव सांगितले. त्यांना ते गाव ठाऊक नव्हते, आणि ते नांदेडचेच राहणारे होते.

भुतांनाही जात असते, हे वेगळे सांगावयास नको. मुंजा हा मुंज झालेला, लग्नाआधी मेलेला पोर, म्हणून त्याला पिंपळ. ब्रह्मसमंध तर नावावरूनच कळतो. पण बाईच्या भुतांची वर्गवारी याहून बोलकी आहे. गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई अलवंतीण होते, असे लोक मानीत. ती परत येऊ नये म्हणून मसणवट्यापासून घरापर्यंत वाटेवर राळे टाकीत जात, म्हणजे ते वेचता वेचता तिची रात्र सरावी. हा सगळा बंदोबस्त मेलेल्या बाईचा. ती मेली कशाने, तिला सुईण वेळेवर मिळाली का, पोटात अन्न होते का, पाचव्यांदा दिवस गेले तेव्हा तिचे वय काय होते, हे विचारण्याची प्रथा मात्र कुठेच नव्हती. जिच्या मरणाला घर जबाबदार आहे तिला भूत म्हटले की घराची सुटका होते. 'लपाछपी'त हेच उलटे केले आहे : भुताकडे पाहता पाहता शेवटी घराकडे पाहावे लागते. एवढी उलटापालट मराठी पडद्यावर त्याआधी माझ्या पाहण्यात नाही.

मग अडते कुठे? दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष सारखे उसाकडे जात होते. चित्रपटातला ऊस उभा आहे, हिरवागार आहे, अमाप आहे, आणि त्यात माणूस नाही. तो कुणी लावला, त्याला पाणी कुणी पाजले, आणि मुख्य म्हणजे तो कोण तोडणार आहे? फडातली टोळी या कथेत नाही. हिंदीतही नाही. दिग्दर्शकाला ऊस हवा आहे तो चकव्यासाठी. ज्याने उसाकडे मोटारीच्या काचेतून पाहिले त्याला तो चकवा दिसणार. आमच्यासाठी ऊस हा चकवा नाही, काम आहे. त्यात कुणी हरवत नाही. सरीला सरी लागून असते, आणि कोयता जिथे थांबला तिथून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावयाचे असते.

लातूर जिल्ह्याची एक गंमत आहे. मांजरेच्या काठचा भाग ऊस लावतो, आणि बालाघाटाच्या डोंगराकडचा भाग ऊस तोडायला जातो, तोही इथला नव्हे, सांगली-कोल्हापूरचा, कर्नाटकातला. जळकोट, अहमदपूर आणि पलीकडे नांदेडचे कंधार, मुखेड ही तोडणाऱ्यांची गावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात आणि मार्च-एप्रिलात भरतात. टोळीत सगळे असतात : वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध, आणि जमीन तुटत गेलेला मराठाही. फडात जात विसरली जाते असे मात्र कुणी समजू नये. खोपी कुणाची कुणाशेजारी पडायची आणि पाण्याच्या टाकीवर आधी कोण, हे तिथेही ठरलेले असते.

'कोयता' हा शब्द आपल्याकडे हत्याराचा आहे आणि माणसांचाही. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे हिशेबात बाई स्वतंत्र माणूस नाही, अर्धे हत्यार आहे. आणि ती नसेल तर पुरुषही अर्धाच. एक दिवस काम बुडाले की खाडा, खाड्याचा दंड उचलीतून कापायचा. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तीच जोडी त्याच मुकादमाकडे. आता 'लपाछपी'ची कथा पुन्हा मांडून पाहा. नवऱ्यावर कर्ज आहे. देणेकऱ्याच्या धाकाने नवरा-बायको गाव सोडतात. बायको गरोदर आहे. दोघे उसात येऊन पोचतात, आणि तिथून निघता येत नाही. ही तर कोयत्याची कहाणी आहे, शब्दाला शब्द! कर्ज, जोडी, ऊस आणि गर्भ हे चारही घटक चित्रपटात आहेत. दिग्दर्शकाने ते मराठवाड्यातून उचलले असे मला म्हणावयाचे नाही. भीतीची जुळवणी करता करता तो नकळत आमच्या दारात आला, आणि दारात उभ्या असलेल्या बाईला न पाहता आतल्या घरात गेला.

ती बाई पहाटे उठते, खोपीत चूल पेटवते, अंधारातच फडात उतरते. दिवसभर तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढते. मोटार रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायला उठते. पोटुशी असली तरी हेच. माझ्या आईने सहा हंगाम केले. माझी धाकटी बहीण त्यातल्या चौथ्या हंगामात फडातच झाली. उसाच्या पानांनी हात कापतात तसेच तान्ह्या लेकराचे अंगही कापते, म्हणून आईने तिला लुगड्यात गुंडाळून बांधावर ठेवले होते. रात्री भीती वाटत नव्हती का, असे मी आईला विचारले आहे. ती म्हणाली, 'कशाची? सापाची वाटायची. मुकादमाची वाटायची.' आता पश्चिम महाराष्ट्रात उसातच बिबटे विणीला बसतात, म्हणजे आणखी एकाची भर. भुताचे नाव तिने घेतले नाही. फडात निजलेल्या लेकरावरून ट्रॅक्टर गेल्याची बातमी अधूनमधून पेपरात येते, आतल्या पानावर, चार ओळींची. उसातून डोकावणारी मुले पाहून शहरातला प्रेक्षक दचकतो. आईने तो प्रसंग माझ्या मोबाईलवर पाहिला आणि विचारले, 'ह्यांची माय कुठल्या सरीला हाय?'

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाचा प्रश्न पुढे आला. सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. काही जणी तिशीच्या आतबाहेरच्या. पाळीच्या दिवसांत खाडा होतो, अंगावरचे दुखणे घेऊन तोड होत नाही, फडात ना आडोसा ना पाणी, आणि दवाखान्यात सांगतात की पिशवी काढली की कटकट मिटली, पुढे कॅन्सर व्हायचा धोकाही टळला. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा उचल. चित्रपटातले घराणे पोटातल्या मुलीसाठी बाईचा बळी घेते. इथे कुठले घराणे नाही, शाप नाही, तुळसाबाई नाही. बाई स्वतःच्या पायांनी जाते, अंगठा देते आणि पोट रिकामे करून घेते. कारखाना म्हणतो कामगार मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी मधला माणूस. या गुन्ह्यात लपाछपी खेळणारा कोण आहे ते ओळखणे अवघड नाही, पण राज्य कुणावर येत नाही.

येथे एक जुनी गोष्ट नोंदवली पाहिजे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतील बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा देण्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये त्यात सुधारणा होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि त्याच वर्षी जुलैत 'लपाछपी' आला. माझ्या कॉलेजातल्या सहकारी बाईंना ती रजा मिळाली, मिळालीच पाहिजे होती. पण १९२८ पासून हिशेब मांडला तर फडातल्या बाईच्या वाट्याला शून्य आठवडे आले आहेत.

लातूरच्या उसाचाही एक हिशेब आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. १२ तारखेला पहिली गाडी आली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. शहरात टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात लोक घागरी घेऊन रात्र-रात्र बसत, आणि हाच जिल्हा वर्षानुवर्षे जमिनीखालचे पाणी उपसून ऊस पोसत आलेला. पडद्यावरचा तो हिरवागार, संपता न संपणारा ऊस पाहताना मला हे आठवते. मुलगी पोटातच मारणारे घर आणि पुढच्या पिढीचे पाणी आजच पिणारे पीक ही दोन्ही एकाच संपत्तीची लक्षणे आहेत, असे मला वाटते. बागायत वाढली, ट्रॅक्टर आला, सोनोग्राफीचे पैसे हातात आले, हुंडा वाढला. बीडच्या आकड्याची घसरण दुष्काळाइतकीच या पैशाची आहे.

आणि हे पाप फक्त बागायतदाराचे म्हणून आपण हात झटकू नयेत. आपल्यातही नोकरदार झाला, दोन खोल्यांचे घर झाले, की 'एक मुलगी पुरे' हे वाक्य ऐकू येते. त्यात शहाणपण किती आणि दुसऱ्या वेळची चाचणी किती, हे ज्याचे त्याने घरात पाहावे. बाबासाहेबांच्या फोटोखाली पाळणा हलवून मुलगा झाल्याचे पेढे वाटलेले मी पाहिले आहेत, मुलीचे जिलेबीवर भागवलेले पाहिले आहे.

एम. ए.च्या वर्गात मी दोन्ही चित्रपटांतले काही भाग दाखवले, साहित्य आणि चित्रपट या घटकासाठी. चर्चा चांगली झाली. मुलांना हिंदी अधिक सफाईदार वाटला, मुलींना मराठी अधिक जवळचा. अभिनयावर बोलणे झाले, भुतावर झाले, सासवांवर तर फारच झाले. एका मुलाने विचारले, की घर उसात आहे तर मग तोडणी कधी होते, आणि तोडणी झाल्यावर त्या भुतांचे काय? वर्ग हसला. मी त्याला बसवले नाही. तो मुखेडकडचा आहे. त्याला ऊस जानेवारीत जमीनदोस्त होतो हे ठाऊक होते. आडोसा उरत नाही, खोपी उठतात, टोळी पुढच्या फडाला लागते. चर्चा झाली ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी पटावरच्या एकतीस जणांपैकी बावीस हजर होते. गैरहजर नऊ जणांत पाच मुली होत्या, त्यांतल्या तिघींची लग्ने त्या उन्हाळ्यात झाली होती. लग्नानंतर कोयता पुरा होतो, आणि मुकादमाला पुराच कोयता लागतो. त्यांची सत्र परीक्षा डिसेंबरात होती.